उशिरा आलेल्यांचा हिशेब

तुम्ही युरोपवरून किती वेळा उडून गेला आहात, कधी मोजलंय? मी परवा मोजलं. बावीस वर्षांत चौदा वेळा. मिनिआपोलिसहून निघायचं, ॲमस्टरडॅमला नाहीतर पॅरिसला विमान बदलायचं, मुलांना बाकावर आडवं करायचं, डब्यातल्या उरलेल्या पोळ्या संपवायच्या आणि मुंबईच्या विमानाचं गेट शोधायचं. आपल्यापैकी बहुतेकांचा युरोप म्हणजे विमानतळाच्या काचेपलीकडचा पाऊस. तो खंड आपल्याला खरा दाखवला पुलंनी, ‘अपूर्वाई’तून, तोही १९६० साली. नंतर आपण तिकडे नीट पाहिलंच नाही. घरी जायची घाई होती.

गेल्या नोव्हेंबरात नवऱ्याचं ऑफिसचं काम बर्लिनला निघालं आणि मी रजा टाकून बरोबर गेले. तो दिवसभर मीटिंगमध्ये, मी दिवसभर रस्त्यावर, असे पाच दिवस. ब्रँडेनबर्ग गेटचे फोटो तुम्ही पाहिलेलेच आहेत, माझे काही त्याहून वेगळे आलेले नाहीत, तेव्हा प्रवासवर्णन लिहीत नाही. पण तिथून मी एक प्रश्न घेऊन आले. ईडन प्रेरीला परतल्यावर तो लहान व्हायच्या ऐवजी मोठाच झाला. म्हणून तो तुमच्यापुढे मांडते आहे.

पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त नवल वाटलं ते भुयारी रेल्वेचं. स्टेशनात शिरताना फाटकच नाही! तिकीट काढायचं, एका छोट्या पेटीत घालून त्यावर आपणच शिक्का उमटवायचा आणि गाडीत बसायचं. साध्या वेषातला तपासनीस कधीतरी येतो म्हणतात. मला एकदाही भेटला नाही. तरी मी आपली शिक्का नीट उमटलाय ना ते तीनतीनदा बघत होते. दुसरं नवल रस्ता ओलांडण्याचं. रात्री दहाला रस्ता रिकामा, लांबवर एकही गाडी नाही, पण सिग्नलवरचा टोपीवाला लाल माणूस हिरवा होईपर्यंत चार माणसं शांत उभी. मीही उभी राहिले. शिस्तीचं कौतुक वाटलं, आणि तिथेच उभ्या उभ्या ते कौतुक जरा कडू झालं. याच शहराने अशाच शिस्तीत, शिक्के मारून, याद्या करून काय केलं ते आपण शाळेत शिकलोय.

आमचं हॉटेल शोनेबर्ग भागात होतं, बायरिशर प्लाट्झजवळ. छान जुन्या इमारती, झाडांची पिवळी पानं फुटपाथभर. आइन्स्टाइन याच वस्तीत राहायचा. वीसच्या दशकात इथे डॉक्टर, वकील, प्राध्यापक अशी सुखवस्तू ज्यू कुटुंबं खूप होती. मी सकाळी ब्रेड आणायला निघाले तर दिव्याच्या खांबावर एक पाटी दिसली. पाटीवर पावाचं चित्र. मला वाटलं, बेकरीची जाहिरात असेल. मागच्या बाजूला जर्मनमध्ये एक ओळ होती, ती फोनवर भाषांतर करून वाचली: ज्यूंनी बर्लिनमध्ये खाण्याचे जिन्नस फक्त दुपारी चार ते पाच या वेळेतच विकत घ्यावेत. जुलै १९४०.

अशा ऐंशी पाट्या त्या वस्तीत आहेत. रेनाटा श्टी आणि फ्रीडर श्नॉक या दोन कलावंतांनी त्या १९९३ साली लावल्या. प्रत्येकीवर एका बाजूला साधं, मुलांच्या पुस्तकात शोभेल असं चित्र आणि दुसऱ्या बाजूला त्या काळातला एखादा खराखुरा नियम. मांजराचं चित्र: ज्यूंनी पाळीव प्राणी ठेवू नयेत. बाकाचं चित्र: या चौकात ज्यूंनी फक्त पिवळ्या खुणेच्या बाकांवर बसावं. मृत्यूच्या छावण्या आपल्याला माहीत असतात. माझ्या पोटात गोळा आला तो या बाकाने. कुणी कुठे बसायचं, कुणी कधी विकत घ्यायचं, असे बारीकसारीक नियम. ते वाचताना मला कसली तरी आठवण होत होती, पण कसली ते त्या सकाळी लक्षात आलं नाही.

त्याच रस्त्यांवर पायाखाली पितळेचे चौकोन आहेत. दहा सेंटिमीटर लांब, तेवढेच रुंद. गुंटर डेमनिग नावाच्या कलाकाराने नव्वदच्या दशकात ते बसवायला सुरुवात केली. आता युरोपभरात असे एक लाखाहून जास्त दगड आहेत. माणूस शेवटचा आपल्या मर्जीने ज्या घरात राहत होता त्या घराच्या दारापुढे तो दगड बसवतात. ‘इथे राहत होती’ अशी सुरुवात, मग नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं. एवढंच.

८ नोव्हेंबरच्या दुपारी एक बाई एका दारापुढे गुडघे टेकून बसली होती. शेजारी पाण्याची बादली, हातात फडकं. ती ते पितळ घासत होती. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीभर ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनास्थळं फोडली, जाळली. त्या तारखेच्या आसपास लोक हे दगड घासून लख्ख करतात, मेणबत्ती लावतात. मला एकदम आजी आठवली. दिवाळीच्या आधी मागच्या अंगणात बसून ती देवाची पितळी भांडी चिंचेने घासायची. (माझ्याकडे पितांबरीचा डबा आहे, आणि तुमच्याकडेही असणार.) मी जवळ जाऊन इंग्रजीत विचारलं, “तुमच्या नात्यातले होते का?” तिने मान वर केली. “नाही,” ती म्हणाली, “मी तिसऱ्या मजल्यावर राहते.”

तिचा उच्चार जर्मन नव्हता. आपल्याला जसं इथे दोन वाक्यांत ओळखतात, तसं मलाही तेवढ्यात कळलं की ही बाहेरून आलेली. कुठून, ते मी विचारलं नाही. आपल्याला कुणी सारखं तेच विचारलं की किती कंटाळा येतो ते तुम्हाला माहीतच आहे. पण तिचं उत्तर डोक्यातून जाईना. मी नात्याबद्दल विचारलं होतं. तिने मजला सांगितला.

बर्लिनमध्ये मला एक पत्ता मुद्दाम बघायचा होता: डालेममधलं इनेश्ट्रासे २२. १९२८ च्या नोव्हेंबरात इरावती कर्वे बर्लिनला पोचल्या तेव्हा त्यांना तेविसावं वर्ष पुरं व्हायचं होतं. सासऱ्यांना, म्हणजे महर्षी कर्व्यांना, त्यांचं परदेशी जाणं पसंत नव्हतं. नवरा दिनकर मात्र स्वतः जर्मनीत शिकून आलेला, तो पाठीशी उभा राहिला. पैसे जीवराज मेहतांकडून कर्जाऊ घेतलेले. त्या शिकायला गेल्या ती मानववंशशास्त्राची संस्था आदल्याच वर्षी सुरू झाली होती. तिचा प्रमुख ऑयगेन फिशर हाच त्यांचा मार्गदर्शक. गोऱ्या माणसाची कवटी उजवीकडे अधिक भरलेली असते, त्यामुळे त्याची तर्कबुद्धी श्रेष्ठ, अशा धर्तीची त्याची कल्पना होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजून ती पडताळायची होती.

त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. कवट्या डावी-उजवीकडे कमीजास्त निघाल्या, पण त्याचा वंशाशी काही संबंध दिसला नाही. त्यांनी तसं लिहिलं. त्यांची नात ऊर्मिला देशपांडे आणि थियागो पिंटो बार्बोसा यांनी लिहिलेलं ‘इरू’ हे चरित्र २०२४ मध्ये आलं. फिशरने त्यांना पास होण्यापुरतेच गुण दिले, असं त्यात आहे. जरा त्या जागी स्वतःला ठेवून बघा. पहिलं परकं शहर, परकी भाषा, डोक्यावर कर्ज, घरी सासऱ्यांची नाराजी, आणि पदवी ज्याच्या हातात त्याला हवं असलेलं उत्तर तुम्हाला माहीत. ‘आपण पाहुणे, आपल्याला काय करायचंय’ असं म्हणणं किती सोपं होतं!

पण गोष्ट इथेच थांबवली तर ती खोटी होईल. मोजलेल्या कवट्यांमध्ये पूर्व आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीतून आणलेल्या कवट्या होत्या. ती माणसं कुणी, कशी मेली, त्यांची डोकी बर्लिनला कशी आली, हे त्या प्रबंधाचे प्रश्न नव्हते. पुढे पुण्यात डेक्कन कॉलेजात असतानाही इरावतीबाईंनी माणसांची मोजमापं घेणं चालू ठेवलं, जातवार घेतली. निष्कर्ष प्रामाणिक आणि साधनाच्या मुळाशी अन्याय, हे एकाच प्रबंधात एकत्र नांदत होतं. म्हणून मला त्या लहान वाटत नाहीत. उलट आपल्यासारख्या वाटतात. एक गोष्ट लख्ख दिसते, तिच्या शेजारची दिसत नाही.

ती इमारत अजून उभी आहे. आज ती विद्यापीठाकडे आहे. पुढे याच संस्थेत आउश्वित्झहून योसेफ मेंगेले मेलेल्यांचे अवयव पाठवत असे. १९८८ साली दाराशी फलक लावला. आपल्या कामाच्या आशयाची आणि परिणामांची जबाबदारी शास्त्रज्ञांचीच असते, अशा अर्थाचं त्यावर लिहिलं आहे. फलकापुढे सायकली लावून मुलं तासाला पळत होती. मी थोडा वेळ थांबले आणि परतले.

आणि घरी आले. ईडन प्रेरीला.

तुम्ही इथे राहत नसलात तर नुसतं नाव ऐकून हसाल: स्वर्गातल्या बागेचं कुरण! हे नाव पडलं ते एका प्रवासी बाईला झालेल्या पहिल्या दर्शनातून. एलिझाबेथ एलेट ही न्यूयॉर्कची लेखिका १८५२ च्या उन्हाळ्यात पश्चिमेकडे फिरायला आली होती. हा गवताळ माळ, ही तळी, नदीकाठचा उतार बघून तिला ईडनची बाग आठवली. दोष द्यावा असं त्यात काही नाही. जून महिन्यात स्टेअरिंग लेकला चक्कर मारताना मलाही तेच वाटतं. पण आदल्याच वर्षी, १८५१ च्या उन्हाळ्यात, ट्रॅव्हर्स दे सू आणि मेंडोटा इथल्या दोन करारांनी डकोटा लोकांकडून दक्षिण मिनेसोटातली सुमारे २.४ कोटी एकर जमीन गेली होती. बाईंना जी बाग मोकळी दिसली ती त्याच सुमाराला मोकळी केली जात होती. गंमत बघा, ही बाई साधीसुधी नव्हती. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या विसरल्या गेलेल्या बायकांची नावं शोधून त्यांच्यावर पहिलं मोठं पुस्तक लिहिणारी ती. नावं वाचवणं हेच जिचं काम, तिच्याही नजरेतून हे सुटलं.

करारातले पैसे डकोटांपर्यंत पुरते पोचलेच नाहीत. १८६२ साली उपासमार झाली, युद्ध झालं, दोन्हीकडची माणसं मेली, गोऱ्या वस्त्यांमधली बायकामुलंही. त्या वर्षी २६ डिसेंबरला मँकाटोमध्ये ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी दिलं. अमेरिकेच्या इतिहासात एकाच वेळी इतक्या माणसांना कधी फाशी दिलेलं नाही. मँकाटो आपल्या १६९ नंबरच्या हायवेवरच आहे. सुमारे सोळाशे बायका, मुलं, म्हातारी माणसं त्या हिवाळ्यात फोर्ट स्नेलिंगच्या खाली कुंपणात ठेवली होती. थंडीने, गोवराने शंभरावर माणसं गेली. उरलेल्यांना राज्याबाहेर घालवलं. फोर्ट स्नेलिंग म्हणजे विमानतळाला लागून असलेला किल्ला. आई-बाबांना घ्यायला आपण जातो ना, तोच रस्ता.

आपण बोलतो ती नावंही त्यांचीच आहेत. मिनेसोटा, शाकोपी, चास्का. चॅनहॅसन म्हणजे डकोटा भाषेत साखर देणारं मेपलचं झाड. मी बावीस वर्षं ते नाव फक्त हायवेच्या पाटीवर वाचत होते. शाकोपी म्डेवाकॅन्टन डकोटांची वस्ती माझ्या घरापासून वीस मिनिटांवर आहे, आणि आपण त्यांना ओळखतो कशावरून? मिस्टिक लेक कॅसिनोवरून.

आमच्या गटाच्या एका जेवणात मी हे सगळं बोलून दाखवलं. पुरणपोळीवर तूप घेता घेता एक मित्र म्हणाला, “अगं, पण आपला काय संबंध? आपण आलो २००० नंतर. आपले आजोबा-पणजोबा तेव्हा स्वतःच इंग्रजांचे गुलाम होते. गोऱ्यांचं पाप गोऱ्यांनी फेडावं. आपण टॅक्स भरतो, कुणाचं काही ओरबाडलेलं नाही.” हा युक्तिवाद कच्चा नाही. यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. तुम्हीही मनात हेच म्हणत असाल. मीही वर्षानुवर्षं हेच म्हणत आले.

पण या युक्तिवादात दोष आणि ऋण एकच धरलेत. ते एक नाहीत. आपल्याकडे देवऋण, ऋषिऋण, पितृऋण सांगितलं आहे. ती ऋणं आपण काही गुन्हा केला म्हणून लागत नाहीत. आपल्याला आयतं काही मिळालं, एवढ्यावरच ती लागतात. ही शाळा, ही तळी, हे दर वर्षी किंमत वाढणारं घर आपण कष्टाने घेतलं, हे खरं. पण जमीन आयती मिळाली. जिथली फळं आपण खातो तिथल्या आठवणी मात्र ‘आमच्या नाहीत’ म्हणून बाजूला ठेवायच्या, हे गणित जमत नाही. बर्लिनची ती बाई दोषी नव्हती. ती तिसऱ्या मजल्यावर राहत होती, तेवढं तिला पुरेसं होतं.

आणि म्हणून जगातल्या सगळ्या अन्यायांचा भार डोक्यावर घेऊन हिंडायचं का? मलाही ते जमणार नाही. त्या बाईने शहरातले सगळे दगड घासायला घेतले नव्हते. तिने आपल्या दारापुढचे घासले. सडा आपण आपल्याच दारापुढे घालतो, गावभर घालत नाही. मला वाटतं जबाबदारीचं मापही तेवढंच असावं: आधी दारापुढचं.

आता ती आठवण सांगते, जी बर्लिनच्या त्या सकाळी पुरती वर आली नव्हती. ती परतीच्या विमानात आली.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या आजोळी गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा होता. त्यात कान तुटलेला एक कप पालथा घातलेला असायचा. लाकडं फोडायला जे गृहस्थ येत त्यांचा तो कप. काम झालं की ते कप विसळून पुढे धरायचे, आजी वरून चहा ओतायची, चहा पिऊन ते पुन्हा कप विसळून कोनाड्यात ठेवायचे. बसायचे ते गोठ्याच्या कडेला, पडवीत नाही. एकदा खेळताना मी त्या कपाने पाणी प्यायले, तेव्हा मला आंघोळ घालण्यात आली. माझी आजी वाईट नव्हती हो. त्यांच्या मुलीच्या लग्नात तिने लुगडं दिलं होतं, आजारपणात औषधं पाठवली होती. पण कप वेगळा. आणि आम्ही सहा-सात वर्षांची पोरं त्या साठीच्या माणसाला अर्ध्या नावाने, अरे-तुरे करत हाका मारायचो. कुणी आम्हाला टोकलं नाही. हे १९७८-७९ मधलं सांगते आहे. महाडच्या चवदार तळ्याला तेव्हा पन्नास वर्षं उलटून गेली होती, आणि दर शुक्रवारी त्या घरात आरती होत होती.

बघा, इथे मला ‘आम्ही उशिरा आलो’ म्हणता येत नाही. म्हणून आपण दुसरं वाक्य तयार ठेवलं आहे: ‘आम्ही तर केव्हाच निघून आलो, आता तिथलं आम्हाला काय विचारता?’ इथे उशिरा आलो, तिथून लवकर निघालो. दोन्हीकडच्या हिशेबातून आपली आपण सुटका करून घेतली. परदेशी राहण्याचा हा फायदा पगाराच्या चिठ्ठीवर दिसत नाही, पण आपण तो पुरेपूर घेतला आहे.

इरावतीबाई पाहुण्या होत्या, तरी समोर दिसलं ते त्यांनी मांडलं. मी दोन्ही घरांत स्वतःला पाहुणी म्हणवून घेते, आणि दोन्हीकडे काही न मांडता राहते. तुमच्यापुढे आणलेला प्रश्न तो हाच: पाहुणेपण किती वर्षं टिकतं? बावीस वर्षांनी, घराचं कर्ज फेडून झाल्यावर, मुलं इथे वाढल्यावरही आपण पाहुणेच असतो का? आणि आजोळच्या अंगणात आपण पाहुणे कधी झालो?

परतल्यावर मी आईला फोन केला. पुण्यात असते ती. विचारलं, “आई, लाकडं फोडायला यायचे त्यांचं पूर्ण नाव काय गं?” ती गप्प झाली. मग म्हणाली, “आपण तर नुसतंच…” आणि ते अर्धं नाव. आडनाव तिला माहीत नव्हतं. चाळीस वर्षं तो माणूस त्या घरी येत होता. मी म्हटलं, असू दे. पण तिने सोडलं नाही. गावाकडच्या मामेभावाला विचारलं, त्याने आणखी कुणाला. दोन दिवसांनी तिचा फोन आला आणि तिने सांगितलं: नाव, वडिलांचं नाव, आडनाव. सांगताना ती “ते” म्हणाली, “तो” नाही.

ते नाव मी इथे छापत नाही, कारण त्यांच्या घरच्यांना विचारलेलं नाही. मी ते एका कागदावर लिहून फ्रिजवर लावलंय. त्यांची नात पुण्यात नोकरी करते असं कळलं, तिचा नंबरही मिळाला. फोन करायचा आहे. आधी काय बोलायचं, ते अजून जमवते आहे.